तुरीच्या धुऱ्यावरचे रानमांजर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाशीम जिल्ह्यातील एक तरुण शेतकरी रोही (नीलगाय) आणि रानडुकरांपासून तूर राखण्यासाठी जागलीला गेलेला असताना पहाटेच्या सुमारास त्याला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मांजराच्या जातीचा एक प्राणी दिसला. पाय लांब, शेपूट तोकडे, कान उभे आणि त्यांच्या टोकांना काळे केस. बॅटरीचा उजेड पडताच तो थबकला, मागे वळून पाहिले आणि न पळता, चालत्या पावली तुरीत शिरला. गावात काहींनी त्याला बिबट्याचे पिल्लू ठरवले, तर मोबाइलवर शोध घेतल्यावर राजस्थानातल्या कॅराकल नावाच्या रानटी मांजराची आणि वाळवंटी मांजराची चित्रे समोर आली. तो प्राणी नेमका कोणता, तो पुन्हा पाहायला मिळेल का, त्याच्यापासून काही धोका आहे का, आणि पिल्ले सापडली तर काय करावे, असे प्रश्न विचारले आहेत. वन विभागाच्या क्षेत्रीय कामात आणि पुढे शेतशिवारांत कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून जाताच आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे) लावण्याच्या कामात या प्राण्यांशी माझा दीर्घकाळ संबंध आला, त्या आधारावर हे उत्तर लिहीत आहे.

तुम्ही पाहिलेला प्राणी रानमांजर आहे, असे मी जवळजवळ खात्रीने म्हणेन. काही ठिकाणी त्याला रानबोका म्हणतात, तर काही ठिकाणी बाऊल. पश्चिम विदर्भाच्या शेतशिवारात पाळीव मांजर सोडल्यास सर्वांत जास्त आढळणारे मांजर हेच, आणि तरीही बहुतेक गावकऱ्यांनी ते नीट पाहिलेले नसते. कानांच्या काळ्या केसांमुळे कॅराकलचा भास होणे ही नवी गोष्ट नाही. राजस्थानात, जिथे कॅराकल खरोखर आहे, तिथेही अशा अनेक खबरा शेवटी रानमांजराच्याच निघतात. लोकांची नजर आधी कानांकडे जाते, आणि अंधारात चूक होण्याची सर्वाधिक शक्यता तिथेच असते. मांजराच्या जातीतला प्राणी ओळखायचा असेल तर पाहणी शेपटीपासून सुरू करावी.

रानमांजराचे शेपूट त्याच्या अंगाच्या मानाने आखूड असते. ते उभे असताना शेपटीचे टोक मागच्या पायाच्या टाचेच्या सांध्यापर्यंत कसेबसे पोचते, शेवटच्या भागावर दोन-तीन गडद कडी असतात आणि टोक काळे असते. पाळीव मांजराचे, रानटी झालेल्या भटक्या मांजराचे किंवा वाळवंटी मांजराचे शेपूट मात्र लांब आणि निमुळते असून अंगाच्या निम्म्याहून अधिक लांबीचे असते, आणि चालताना ते जमिनीच्या जवळ लोंबते. एवढ्या एका निरीक्षणावर निम्मा गोंधळ मिटतो. कॅराकलचे शेपूटही आखूडच असते, म्हणून पुढचा निर्णय शेपटीच्या लांबीवर होत नाही, तर तिच्यावर कडी आहेत की नाहीत यावर होतो. कॅराकलची शेपटी एकाच रंगाची असते. त्याच्या कानांची मागची बाजू पूर्ण काळी असते आणि टोकावरचे केसांचे झुपके चार-पाच सेंटिमीटर लांब असून कधी कधी बाजूला झुकलेले दिसतात. रानमांजराच्या कानांची मागची बाजू तांबूस असते आणि झुपका जेमतेम दीड सेंटिमीटरचा. पुढच्या पायांच्या वरच्या भागावर, आतल्या बाजूने, एक-दोन काळसर पट्टे असतात, तेही पाहावेत. वजनातही फरक मोठा आहे. आपल्याकडचे रानमांजर साधारण तीन ते सहा किलोंचे असते, तर कॅराकल आठ किलोंपासून अठरा किलोंपर्यंत भरतो.

कॅराकल भारतात आज अत्यंत दुर्मीळ झालेला आहे. अलीकडच्या दशकांतील खात्रीच्या नोंदी प्रामुख्याने राजस्थान आणि गुजरातच्या कच्छ भागातील आहेत. २०२१ मध्ये राष्ट्रीय वन्यजीव मंडळाने अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या पुनरुज्जीवन कार्यक्रमात त्याचा समावेश केला, यावरून परिस्थितीची कल्पना यावी. असा प्राणी वाशीमच्या तुरीत दिसला असे म्हणायचे तर पुरावाही तेवढाच भक्कम हवा, आणि तो कानांच्या अंधुक छायाचित्राने भागणार नाही.

वाळवंटी मांजराचा विचार मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. फिकट वाळूच्या रंगाच्या अंगावर काळे, तुटक ठिपके, गालावर दोन गडद रेषा आणि लांब, निमुळत्या शेपटीच्या टोकाकडे कडी असे त्याचे रूप असते. थरचे वाळवंट आणि कच्छ हे त्याचे मुख्य घर असले तरी मध्य भारताच्या कोरड्या माळरानांतही ते राहू शकते. मोठी अडचण अशी की पाळीव मांजराशी त्याचा संकर सहज होतो, त्यामुळे गावाजवळ दिसलेल्या ठिपकेदार मांजराबद्दल छायाचित्रावरून ठाम बोलणे जाणकारालाही अवघड जाते. तुमच्या वर्णनातले शेपूट तोकडे आहे, म्हणून ही शक्यता इथे बाद होते.

विदर्भात आणखी एक रानटी मांजर आहे आणि ते पाहिल्याचे फार थोडे लोक सांगू शकतात. ते म्हणजे वाघाटी. जगातल्या सर्वांत लहान मांजरांत तिची गणना होते. पूर्ण वाढलेल्या वाघाटीचे वजन एक ते दीड किलोच्या आसपास, म्हणजे घरच्या मांजरापेक्षाही कमी असते. अंग करडे, त्यावर गंजाच्या रंगाचे ठिपके, कपाळावर गडद रेषा, डोळ्यांच्या आतल्या कडेला पांढऱ्या रेघा, आणि शेपटीवर कडी नाहीत. ती झाडांवर सहज चढते आणि मुख्यतः रात्री फिरते. मेळघाट, ताडोबा आणि नवेगाव-नागझिरा या जंगलांत ती आहे, परंतु जंगलाबाहेरच्या दगडांच्या राशी, पडकी घरे आणि शेताला लागून असलेली झाडीही तिला चालते. बिबट मांजर नावाची ठिपकेदार जात सह्याद्रीत आणि हिमालयात आढळते. शास्त्रीय अभ्यासानुसार उन्हाळ्यात पारा ३८ अंशांच्या पुढे जाणारा प्रदेश तिला मानवत नाही, त्यामुळे मेच्या झळांत तापणाऱ्या आपल्या मुलखात तिची अपेक्षा धरू नये.

बिबट्याच्या पिल्लाचा प्रश्न एका वाक्यात मिटतो. बिबट्याच्या पिल्लाच्या अंगावर लहान वयातही दाट काळे ठिपके असतात आणि पंजे अंगाच्या मानाने अवजड दिसतात, तर मोठ्या रानमांजराच्या अंगावर ठिपके नसतातच.

आता रानमांजर दिसते कुठे, याकडे येतो, कारण या प्राण्याबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. रानमांजर पाहायचे म्हणून लोक व्याघ्र प्रकल्पाच्या सफारीला जातात आणि निराश होऊन परततात. व्याघ्र गणनेतील कॅमेरा ट्रॅपच्या छायाचित्रांवरून भारतीय वन्यजीव संस्थेने देशातील लहान मांजरांचा जो अहवाल २०२५ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात रानमांजराचा वावर सर्वांत मोठ्या क्षेत्रात, सुमारे ९६ हजार चौरस किलोमीटरवर आढळला, आणि त्याखालोखाल सुमारे ७० हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात वाघाटी आढळली. परंतु ते कॅमेरे वाघाच्या जंगलांत लावलेले होते. तुरीच्या ओळी (तास), नाल्याचा काठ, पांदण रस्ता, ई-क्लासची म्हणजे सरकारी गुरचरणीची पडीत जमीन इथे कोणी कॅमेरे लावले नव्हते, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे रानमांजराचा खरा संसार तिथेच असतो. दाट सागवानात त्याला काम नाही. त्याला उंदीर हवा, आणि उंदीर धान्याजवळ असतो. राजस्थानातील सरिस्का इथल्या अभ्यासात एक रानमांजर दिवसाला तीन ते पाच उंदीरवर्गीय प्राणी खाते, असा अंदाज काढला गेला होता. ज्या शेतकऱ्याच्या हरभऱ्यात उंदरांनी बिळे केली आहेत, त्याने या आकड्याचा वर्षभराचा हिशेब स्वतःच करावा.

पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत, महसुली नोंदीत झुडपी जंगल म्हणून जमिनी आहेत. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमिनीच आहेत, असा निर्णय दिला. ८६ हजार हेक्टरांहून अधिक असलेल्या या जमिनींकडे बरीच वर्षे बिनकामाच्या म्हणूनच पाहिले गेले. बोर, बाभूळ, पळस आणि रायमुनियाच्या (घाणेरीच्या) जाळ्यांनी भरलेल्या याच तुकड्यांत रानमांजर दिवसा पडून राहते. तुमच्या बाजूला, पश्चिम विदर्भात, हेच काम ई-क्लासच्या जमिनी, नाल्यांचे काठ आणि रुंद धुरे करतात. कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्यासारखे गवताळ माळरान जवळ असेल तर आणखी चांगले. धुरा कोरून शेत वाढवण्याची जी चढाओढ गावोगाव लागली आहे, ती रानमांजराच्या दृष्टीने शिकाऱ्याच्या फाशाइतकीच वाईट आहे. हे मत काही शेतकरी मित्रांना आवडत नाही, पण ते बदलण्याचे कारण मला अजून दिसलेले नाही.

पुन्हा भेट होण्यासाठी हंगामाचा हिशेब समजून घ्यावा लागतो. सोयाबीनची सोंगणी झाली की आठवडाभरात शेते उघडी पडतात आणि उंदीर सुडीच्या, म्हणजे कापलेल्या पिकाच्या ढिगाच्या, आश्रयाला जातात. त्या दिवसांत सुडीच्या आसपासच्या ओल्या मातीत मांजराचे माग मिळू लागतात. डिसेंबर आणि जानेवारी हे महिने मी सर्वांत चांगले मानतो, कारण उंच तुरीचा आडोसा आणि त्याला लागूनच बुटका हरभरा अशी रचना त्या वेळी शिवारभर असते. मांजर तुरीच्या ओळीतून येते, हरभऱ्याच्या कडेला बसून कान फिरवत राहते आणि बसलेल्या जागेवरून उडी घेते. पाहणाऱ्याला यापेक्षा सोयीची जागा मिळत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) उपटली जाते, तूर निघालेली असते, आणि आडोसा एकदम संपतो. मग रानमांजरे नाल्यांकडे आणि ओलिताच्या शेतांकडे सरकतात. काटोल, वरूड, मोर्शीकडच्या संत्रा बागा या काळात त्यांच्या उपयोगाच्या ठरतात, कारण तिथे सावली आहे, पाणी आहे आणि पाण्यामुळे टिकून राहिलेले उंदीर, सरडे आणि पक्षीही आहेत. एप्रिल-मेमध्ये, जेव्हा उरलेली जमीन वाळवंटासारखी कोरडी होते, तेव्हा विहिरीजवळचे डबके किंवा ठिबकच्या नळीची गळती हीच पाहण्याची जागा. पावसाळ्यात फारसे हाती लागत नाही, त्या काळात शोधाचा आग्रह धरू नये.

आधी प्राणी शोधू नये, त्याचा माग शोधावा. ओलीत झाल्यानंतरच्या सकाळी धुऱ्याच्या कडेने आणि पांदणीच्या धुळीतून हळूहळू चालावे. मांजराचा ठसा गोलसर असतो, चार बोटे दिसतात, नखे उमटत नाहीत आणि तळव्याच्या मागच्या कडेला तीन उंचवटे असतात. कोल्ह्याचा आणि कुत्र्याचा ठसा लांबट असून त्यात नखांच्या खुणा येतात. रानमांजराचा ठसा साधारण चार-पाच सेंटिमीटरचा, म्हणजे घरच्या मांजरापेक्षा जरा मोठा असतो. सात सेंटिमीटरच्या वरचा मांजरवर्गीय ठसा मिळाला तर तो बिबट्याचा आहे असे समजून तिथले बसणे रद्द करावे. विष्ठा पिळवटलेली असते, तिच्यात उंदराचे केस आणि हाडांचे बारीक तुकडे सापडतात, आणि ती पुष्कळदा वाटेवर उघडीच टाकलेली असते. एकाच धुऱ्यावर काही दिवसांच्या अंतराने ताजे माग मिळत राहिले की ती त्याची नेहमीची वाट आहे, असे धरून चालावे.

बसण्याची जागा अशी निवडावी की जिथे दोन धुरे मिळतात किंवा धुरा नाल्याला भिडतो, आणि आपली पाठ बोरीच्या किंवा बाभळीच्या झाडाला टेकते. अपेक्षित वाटेपासून चाळीस-पन्नास पावले दूर राहावे. हरणाच्या बाबतीत वाऱ्याची दिशा महत्त्वाची असते, पण मांजराच्या बाबतीत आपला आवाज अधिक घात करतो, कारण ते शिकारच कानाने करते. बिळातल्या उंदराची हालचाल ऐकणाऱ्या प्राण्याला नायलॉनच्या जॅकेटची सळसळ शंभर पावलांवरून ऐकू जाते. सुती कपडे घालावेत, मोबाइल बंद ठेवावा, तंबाखूची डबी सारखी वाजवणारा सोबती घरी ठेवावा. वेळ म्हणाल तर सूर्यास्ताच्या आधीचा एक तास आणि नंतरचा तास-दीड तास, तसेच पहाट फुटण्याची वेळ. रानमांजर पूर्णपणे निशाचर नाही. थंडीच्या दिवसांत ते उन्हे वर आल्यावरही धुऱ्यावर फिरताना दिसते, आणि ज्या शिवारात माणसाचा त्रास कमी असतो तिथे तर भर दुपारीही.

ओठांनी उंदरासारखा बारीक आवाज काढून मांजराला जवळ बोलावण्याची युक्ती काही जण वापरतात. ती लागू पडते, हे खरे. परंतु फसवले गेलेले मांजर ती जागा सोडून देते, असे मी अनेकदा पाहिले आहे, म्हणून मला तो प्रकार पसंत नाही. कोंबडीचे तुकडे टाकून सवय लावणे तर पूर्णपणे टाळावे. तुकड्यांवर आधी गावातली कुत्री येतात, आणि कुत्र्यांच्या टोळीसमोर उघड्या शेतात रानमांजराचा टिकाव लागत नाही.

स्वतःच्या शेतात कॅमेरा ट्रॅप लावायचा असेल तर तो वाघासाठी लावतात तसा गुडघ्याच्या उंचीवर लावू नये. जमिनीपासून एक ते दीड वीत उंची पुरते, आणि समोरचे गवत कापून घ्यावे, नाहीतर वाऱ्याने हलणाऱ्या गवताचीच छायाचित्रे भरतात. शेजारच्या शेतकऱ्यांना आधी कल्पना द्यावी. वनजमिनीवर परवानगीशिवाय कॅमेरा लावता येत नाही.

रात्री बसण्याचा हा सल्ला सगळ्या विदर्भासाठी नाही, हे इथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. चंद्रपूर जिल्ह्यात, विशेषतः ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या पट्ट्यात, वाघ आणि माणूस एकाच धुऱ्यावरून ये-जा करतात. तिथे अंधार पडल्यावर जमिनीवर बसून मांजर पाहण्याची हौस करू नये. यवतमाळच्या टिपेश्वर परिसरातही तेच धोरण ठेवावे. वाशीम, अकोला, बुलढाणा हा भाग तुलनेने सोपा आहे, पण २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ शेतशिवारे पार करत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत पोचला होता, हे लक्षात ठेवून वनरक्षकाकडे चौकशी केल्याशिवाय बसू नये. तरीही प्रत्यक्षात धुऱ्यावर बसणाऱ्याला वाघापेक्षा घोणस, मण्यार आणि नाग यांचा धोका अधिक असतो. पायांत गमबूट असावेत, बसण्याची जागा उजेडी पाहून घ्यावी आणि अंधारात हाताने गवत चाचपू नये. रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडलेली शेते कोणती, हेही आधी विचारून घ्यावे. असे कुंपण बेकायदेशीर आहेच, शिवाय त्याने माणसेही मेली आहेत.

समोरासमोर भेट झाल्यावर तुमच्या मांजराने जे केले तेच बहुतेक वेळा घडते. ते थांबते, पाहते आणि चालत निघून जाते. रानमांजर माणसावर आपणहून धावून येत नाही. कोंडीत सापडले, जखमी असले किंवा पिल्लांजवळ असले तर ते अंग फुगवते, दात दाखवते, फिस्कारते, आणि तरीही कोणी पुढे गेले तर चावते. त्या वेळी दोन पावले मागे सरून वाट मोकळी करून देणे एवढेच काम असते. बॅटरीचा झोत सरळ डोळ्यांवर धरू नये. उजेड जमिनीवर पाडून त्याच्या कडेच्या अंधुक प्रकाशात पाहावे, किंवा बॅटरीच्या काचेवर लाल कागद बांधावा. अंधाराला सरावलेले डोळे झोताने काही वेळ निकामी होतात, आणि त्या अवस्थेत ते रस्त्यावर किंवा विहिरीत गेले तर दोष आपला. मोटारसायकलने पाठलाग करून मोबाइलवर चित्रफीत काढणे हा तर शुद्ध छळ आहे. छायाचित्र घेता आले तर चेहऱ्याच्या मागे न लागता संपूर्ण बाजू, पाय आणि शेपूट येईल असे घ्यावे, कारण ओळख त्यावरच ठरते. ते इतरांना पाठवताना शेताचे नेमके ठिकाण लिहू नये आणि छायाचित्रात आपोआप नोंदले जाणारे स्थान काढून टाकावे. फासे लावणारे लोकही मोबाइल वापरतात.

पिल्लांबद्दलचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण इथे चांगल्या हेतूनेच सर्वाधिक नुकसान होते. रानमांजराचा गर्भकाळ सुमारे ६३ ते ६६ दिवसांचा असतो आणि मादी दाट गवतात, पऱ्हाटीच्या ढिगात, उसात किंवा गव्हात पिल्ले घालते. पिल्लांच्या अंगावर पट्टे आणि ठिपके असतात, ते पुढे वाढीबरोबर पुसट होत जातात. त्यामुळे कापणीच्या वेळी ती सापडली की बिबट्याची पिल्ले म्हणून गाव जमा होते आणि आई लांबूनच परत फिरते. पिल्ले एकटी दिसली म्हणजे आई मेली, असा अर्थ काढू नये. ती शिकारीला गेलेली असते किंवा तुमच्या जाण्याची वाट पाहत जवळच दडलेली असते.

अशा वेळी पिल्लांना हात न लावता त्यांच्या भोवतीचा दहा-पंधरा पावलांचा तुकडा तसाच सोडून कापणी दुसऱ्या बाजूने सुरू ठेवावी, कुत्री बांधून ठेवावीत आणि संध्याकाळनंतर तिकडे कोणी जाऊ नये. मादी बहुधा त्याच रात्री एकेक पिल्लू मानेला धरून हलवते. हार्वेस्टर येऊन थांबलेला असेल आणि पिल्ले हलवणे भागच असेल, तर वन विभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर कळवून त्यांच्या माणसांच्या देखरेखीखाली, सापडलेल्या जागेच्या शक्य तितक्या जवळ, उथळ टोपलीत ती ठेवावीत. पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागात ऊसतोडणीत सापडलेली बिबट्याची आणि वाघाटीची पिल्ले याच पद्धतीने, त्याच शेतात ठेवून, त्यांच्या आयांच्या स्वाधीन करण्यात आलेली आहेत. गाईचे दूध पाजू नये, त्याने पिल्लांना हगवण लागते आणि ती लवकर दगावतात. घरी नेऊन वाढवणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी माणसाच्या हातचे वाढलेले रानमांजर पुन्हा शिवारात सोडणे फार कठीण जाते. त्याला कुत्र्याची भीती उरलेली नसते.

या प्राण्याला खरा धोका कुठून आहे, हेही विचारण्यासारखे होते. शिकार होते, पण मला कुत्री, रस्ते आणि विष या तीन गोष्टी अधिक काळजीच्या वाटतात. रस्त्यांच्या बाबतीत उपाय असतो, हे आपल्याच भागात दिसले आहे. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर वन्यप्राण्यांसाठी बांधलेल्या नऊ भुयारी मार्गांतून आणि पुलांखालून जाणाऱ्या प्राण्यांची कॅमेऱ्यांनी नोंद घेतली गेली, तेव्हा वाघांबरोबर रानमांजरेही त्या वाटांनी जाताना आढळली. गावाकडच्या डांबरी रस्त्यांवर असे काही नसते, तिथे फक्त वाहनाचा वेग कमी करणे आपल्या हाती आहे. विषाच्या बाबतीत ब्रोमॅडिओलोनसारखी उंदीर मारण्याची औषधे विशेष वाईट, कारण ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो दोन-तीन दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो, मांजराला सहज सापडतो आणि विष मांजराच्या अंगात जाते. औषध वापरायचेच असेल तर ते बिळात टाकून बीळ बुजवावे आणि मेलेले उंदीर रोज गोळा करून पुरावेत. कठडा नसलेल्या विहिरीत बाभळीचे एखादे लांब, फांद्या असलेले खोड तिरपे सोडून ठेवले तर पडलेले मांजर त्याच्या आधाराने वर येऊ शकते. खर्च काहीच नाही.

धोक्याविषयी शेवटचे. गाय, वासरू, बकरी यांना रानमांजरापासून भीती नाही. कोंबडीची पिल्ले मात्र ते नेते, हे नाकारण्यात अर्थ नाही. खुराड्याच्या चारही बाजूंना बारीक भोकांची लोखंडी जाळी लावावी, ती जमिनीत वीतभर पुरावी, दार खालच्या बाजूनेही अडकवता येईल असे करावे आणि दिवस मावळण्याआधी कोंबड्या आत घ्याव्यात. मुंगूस आणि उदमांजरही त्याच खुराड्यावर येतात, त्यामुळे प्रत्येक कोंबडीचा आळ रानमांजरावर घालू नये. माणसाला चावा किंवा ओरखडा बसलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद, चुना किंवा मिरची भरू नये, आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. चाव्याने किंवा ओरखड्याने रक्त आले असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) हेही घ्यावे लागते. ते प्रत्येक केंद्रात असेलच असे नाही, म्हणून निघण्यापूर्वी फोनवर विचारून घ्यावे आणि नसेल तर सरळ जिल्हा रुग्णालय गाठावे.